आकाशाचा कानोसा : कल्याणच्या बत्तीस तबकड्या

कल्याण म्हटलें कीं प्रथम आठवतें तें रेल्वेचें जंक्शन. मग दुर्गाडीचा किल्ला, उल्हास नदीची खाडी आणि ठाणें-मुंबईच्या दिशेनें धांवणाऱ्या गाड्यांतील गर्दी. इतिहासाची आवड असणारास तेथील प्राचीन बंदरहि आठवेल. परंतु अनेक तबकड्या एकत्र जोडून केलेली भारतांतील पहिली रेडिओ-दुर्बीण याच गांवाजवळ उभी राहिली होती, ही गोष्ट ठाणें, डोंबिवली व खुद्द कल्याण येथील सुशिक्षित घरांतूनहि क्वचितच ठाऊक असते. १९६५ पासून १९६८ पर्यंत धातूच्या ३२ तबकड्या येथें सूर्याकडे तोंड करून रांगेनें उभ्या होत्या. आज जुन्नर तालुक्यांतील खोडद येथील ज्या विशाल दुर्बिणीकडून वेध मिळावे म्हणून देशोदेशींचे शास्त्रज्ञ अर्ज करतात, तिचा वंशवृक्ष मागें मागें पाहत गेल्यास त्याचें मूळ या ३२ तबकड्यांपाशीं सांपडतें.

मुंबईकडील घरांत वेधशाळा हा शब्द बहुधा पावसाच्या अंदाजापुरताच उरला आहे, आणि तो अंदाज चुकला म्हणजे केवळ विनोदापुरता. वस्तुतः १८२६ सालीं कुलाब्यास ईस्ट इंडिया कंपनीनें जी वेधशाळा स्थापिली ती ताऱ्यांचे वेध घेण्यासाठीं व जहाजांना अचूक वेळ कळावी म्हणून. हवामान व पृथ्वीचें चुंबकत्व हे विषय तिच्याकडे मागाहून आले. पुढें मुंबईच्या ट्रामगाड्या घोड्यांऐवजीं विजेनें चालविण्याचा बेत ठरला, तेव्हां त्या विद्युत्प्रवाहामुळें चुंबकीय मोजमापांत बिघाड होणार हें ओळखून तें काम १९०४ पासून अलिबागेस नेण्यांत आलें. शहर वाढतें आणि वेध घेणारास आपलें बिऱ्हाड उचलावें लागतें, हा प्रकार या भागांत असा जुनाच आहे. कल्याणची कथाहि त्याच जातीची. मात्र येथील उपकरण आकाश डोळ्यांनीं पाहणारें नव्हतें. त्याचा कानोसा घेणारें होतें.

कानोसा हा शब्द अर्थात् अलंकारिक आहे. आकाशांतून ध्वनि येत नाहीं. येतात त्या लहरी. प्रकाशाच्या लहरीची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनहि कमी असते. रेडिओच्या लहरी कांहीं मिलिमीटरांपासून अनेक मीटरांपर्यंत लांब असतात. दोन्ही एकाच जातीच्या व एकाच वेगानें धांवणाऱ्या. घरांतील रेडिओ ज्या लहरी टिपून गाणें ऐकवितो, तशाच लहरी सूर्य, तारे व दूरच्या दीर्घिका यांपासून अखंड येत असतात. परंतु त्यांत ना शब्द असतो, ना सूर. असते ती केवळ एक अतिशय क्षीण खरखर. १९३२ च्या सुमारास कार्ल जान्स्की हा अमेरिकन अभियंता समुद्रापलीकडील बिनतारी संभाषणांत येणाऱ्या खरखरीचें कारण शोधीत असतां त्यास असें आढळलें कीं, तिचा एक भाग आकाशगंगेच्या मध्याकडून येत आहे. पुढें १९४२ सालीं, महायुद्धाच्या धामधुमींत, इंग्लंडमधील रडार यंत्रांत एकाएकीं प्रचंड गोंगाट सुरू झाला. शत्रूनें कांहीं युक्ति योजिली असावी अशी प्रथम शंका आली. परंतु जेम्स हे या शास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, हा उपद्रव शत्रूचा नसून सूर्याचा होता. युद्धांतील गुप्ततेमुळें ही वार्ता प्रसिद्ध व्हावयास युद्ध संपावें लागलें. तें संपल्यावर रडारवर हात बसलेले अनेक तरुण आकाशाकडे वळले, आणि ऑस्ट्रेलियांतील सिडनी हें या नव्या विद्येचें एक मोठें पीठ बनलें.

या विद्येची मुख्य अडचण लहरींच्या लांबींतच आहे. दुर्बिणीस किती बारीक पाहतां येईल हें लहरीची लांबी व दुर्बिणीची रुंदी यांच्या प्रमाणावर ठरतें. सहा फूट, म्हणजे सुमारें १.८ मीटर व्यासाची तबकडी घेऊन अर्ध्या मीटरच्या लहरींनीं आकाश पाहिलें, तर तिच्या नजरेचा झोत सुमारें १५ अंश रुंद होतो. सूर्यबिंब दिसतें अवघें अर्धा अंश. जिच्या नजरेच्या पट्ट्यांत तीस सूर्य शेजारीं शेजारीं मावतील, तिनें एकाच सूर्याचे निरनिराळे भाग वेगळे ओळखावे ही अपेक्षा व्यर्थ होय. यावर एक उपाय अर्धा-पाऊण किलोमीटर रुंदीची एकच तबकडी बांधण्याचा. तो मनांत आणण्यापुरताच ठीक. दुसरा उपाय हुशारीचा आहे. लहान तबकड्या लांबलचक रांगेंत ठराविक अंतरावर उभ्या कराव्या, प्रत्येकीनें टिपलेल्या लहरी तारांवाटे एका खोलींत आणाव्या आणि तेथें त्यांची बेरीज करावी. आकाशाच्या कांहीं दिशांकडून येणाऱ्या लहरींचे उंचवटे एकमेकांवर नेमके पडतात व त्या बळावतात. इतर दिशांच्या लहरी परस्परांना मारतात. परिणामीं आकाशावर जणू एक मोठा कंगवा धरल्यासारखें होतें. कंगव्याचा एकेक दात किती बारीक हें रांगेच्या एकूण लांबीवर अवलंबून. दोन दातांमधील फट तबकड्यांमधील अंतरावर. ही फट सूर्यबिंबाहून मोठी राखली म्हणजे एका वेळीं एकच दात सूर्यावर पडतो. मग यंत्र हलविण्याचीहि फारशी गरज राहत नाहीं. पृथ्वी फिरते, सूर्य दातांखालून सरकतो आणि त्याच्या पट्टीपट्टीचें तेज कागदावर उमटत जातें.

सिडनीजवळ पॉट्स हिल येथें क्रिस्टियनसन या शास्त्रज्ञानें १९५० नंतर लौकरच अशा ३२ तबकड्यांची मांडणी उभी केली होती. ती वापरण्याचा योग गोविंद स्वरूप या तरुण भारतीयास आला. उत्तर प्रदेशांत १९२९ सालीं जन्मलेले व अलाहाबाद विद्यापीठांत शिकलेले स्वरूप हे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेंत कामास होते. तेथील संचालक सर के. एस. कृष्णन् १९५२ सालीं एका परिषदेसाठीं सिडनीस जाऊन आले, तेथील नव्या संशोधनानें भारावले आणि पुढील वर्षीं त्यांनीं स्वरूप यांना तिकडे पाठविलें. दोनएक वर्षांत ऑस्ट्रेलियन मंडळी अधिक मोठें यंत्र बांधण्याच्या विचारांत पडली व जुन्या तबकड्या मोडींत निघण्याची वेळ आली. स्वरूप यांनीं त्या भारतासाठीं मागितल्या, ऑस्ट्रेलियानें त्या आनंदानें देऊं केल्या, आणि मग सुरू झाला पत्रव्यवहार. तबकड्या फुकट होत्या. परंतु त्या जहाजानें आणण्याचा सुमारें ७०० पौंड खर्च कोणीं सोसावयाचा हें कांहीं केल्या ठरेना. परकीय चलन जपून खर्चण्याचा तो काळ होता हें खरें. तरीहि एवढ्या रकमेपायीं एका नव्या शास्त्राचा आरंभ अडून राहिला, हें नमूद केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. वाट पाहून स्वरूप १९५६ सालीं अमेरिकेस गेले. पुढें तबकड्या दिल्लीस येऊन पोंचल्या खऱ्या, पण त्या उभ्या करणारा माणूस तेव्हां स्टॅनफर्ड विद्यापीठांत होता.

१९६१ सालीं परदेशांत काम करणारे चार भारतीय रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ अमेरिकेंत एकत्र आले : स्वरूप, टी. के. मेनन, मुकुल कुंडू व टी. कृष्णन्. मायदेशीं परतून एक संशोधन-गट उभारण्याची आपली तयारी आहे, असें त्यांनीं भारतांतील निरनिराळ्या संस्थांना लिहून कळविलें. ठाम होकार आला तो मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या डॉ. होमी भाभा यांचा, आणि तोहि १९६२ च्या आरंभीं तारेनें. १९६३ सालीं स्वरूप परतले. दिल्लीच्या प्रयोगशाळेनें आपल्याकडील तबकड्या मुंबईच्या संस्थेस दिल्या. आणि त्यांस जागा मिळाली ती कल्याणजवळ. कुलाब्याहून तेथें जाण्यास रेल्वे होती, आणि मुंबईचा विजेचा कोलाहल तेव्हां तेथवर फारसा पोंचला नव्हता.

२४ तबकड्या पूर्व-पश्चिम ६३० मीटरांच्या ओळींत व उरलेल्या ८ दक्षिणोत्तर २५६ मीटरांच्या ओळींत बसविण्यांत आल्या. यंत्र ६१० मेगाहर्ट्झवर, म्हणजे सुमारें ४९ सेंटिमीटर लांबीच्या लहरींवर, लाविलें होतें. वर सांगितलेलें प्रमाण येथें मांडून पाहतां मोठ्या ओळीच्या कंगव्याचा दात सूर्यबिंबाच्या सुमारें बाराव्या हिश्शाइतका बारीक येतो. जिला एकटीला सूर्य हा नुसता ठिपकाहि नीट ओळखतां आला नसता, तीच तबकडी तेवीस बहिणींच्या संगतींत सूर्याचे पट्टे पाडूं लागली. एप्रिल १९६५ पासून नियमित वेध सुरू झाले.

ती वेळहि अनुकूल होती. सूर्यावरील डागांचें प्रमाण सुमारें अकरा वर्षांच्या चक्रानें वाढतें व घटतें. १९६४-६५ हा काळ त्या चक्रांतील ओहोटीचा होता व जगभर शांत सूर्याचीं वर्षें म्हणून त्याचा अभ्यास चालला होता. डागांचा दंगा नसला म्हणजे सूर्याच्या वातावरणाचें मूळचें रूप दिसतें. साध्या प्रकाशांत पाहिलें तर सूर्यबिंब मध्यें उजळ व कडेस किंचित् मंद असतें. कल्याणच्या वेधांत तें उलट दिसलें : या लहरींत कडा अधिक तेजस्वी होत्या. याचें कारण असें कीं, डोळ्यास दिसणारा प्रकाश सूर्याच्या सुमारें सहा हजार अंश उष्णतेच्या पृष्ठभागावरून येतो, तर या रेडिओलहरींचा मोठा भाग त्यावरील विरळ प्रभामंडलांतून येतो. मध्यावर पाहतांना दृष्टीची रेषा या मंडलास सरळ छेदून जाते. कडेवर पाहतांना तीच रेषा त्यांतून तिरपी, लांबवर जाते आणि अधिक उष्ण द्रव्य वाटेंत घेते. या प्रभामंडलाचें तापमान सुमारें दहा लक्ष अंश असल्याचें कल्याणच्या मोजमापांवरून निघालें. खग्रास ग्रहणाच्या वेळीं चंद्राभोंवतीं जी मोत्यासारखी शुभ्र प्रभा कांहीं क्षण दिसते, तीच ही. ग्रहणाची वाट न पाहतां कल्याणच्या माळावरून तिचें तापमान दररोज मोजतां येत होतें.

तरीहि या दुर्बिणीचें खरें महत्त्व तिनें लाविलेल्या शोधांपेक्षां तिनें घडविलेल्या माणसांत आहे. विद्यापीठांतून किंवा अणुशक्ति-प्रशिक्षणशाळेंतून नुकतेच बाहेर पडलेले तरुण येथें प्रथम लहरी टिपणारीं यंत्रें हातानें जोडावयास शिकले, आणि खऱ्या वेधांतून खोटा गोंगाट निवडून काढावयासहि. कल्याणचें काम चालूं असतांनाच या मंडळींनीं पुढील बेत आखला होता. तो निळगिरींत उदकमंडल येथें सिद्धीस गेला. पृथ्वीच्या अक्षाला समांतर अशी लांबच लांब दुर्बीण बांधावयाची, तर डोंगराचा उतार त्या ठिकाणच्या अक्षांशाइतकाच हवा. सुमारें ११ अंशांचा असा उतार तेथें सांपडला आणि ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद अशी पन्हळीच्या आकाराची दुर्बीण त्यावर १९७० सालीं चालूं झाली. भाभा १९६६ सालीं अपघातांत गेले होते. त्यांस ती पाहतां आली नाहीं.

उदकमंडलच्या दुर्बिणीनें एक जुना वाद ऐन रंगांत आणला. चंद्र एखाद्या रेडिओ-स्रोतासमोर आला म्हणजे त्या स्रोताच्या लहरी क्षणांत मावळतात. त्या कशा मावळतात हें बारकाईनें टिपलें कीं स्रोताचा आकार कळतो. या रीतीनें शेंकडों स्रोत तपासून स्वरूप व त्यांचे शिष्य विजय कपाही यांनीं १९७५ च्या सुमारास असें प्रतिपादिलें कीं, दूरच्या व जवळच्या स्रोतांतील फरक पाहतां विश्व सदासर्वदा एकाच स्थितींत असणें संभवत नाहीं. आणि त्याच टाटा संस्थेंत १९७२ पासून होते डॉ. जयंत नारळीकर, फ्रेड हॉइल यांच्यासह स्थिर-स्थिति विश्वाचा पक्ष हिरिरीनें मांडणारे! एकाच छताखालीं दोन परस्परविरुद्ध मतें निर्धास्तपणें नांदावीं, हें संस्थेच्या प्रकृतीचें उत्तम लक्षण म्हटलें पाहिजे.

कल्याणचें काम १९६८ सालीं आटोपलें; मंडळी मोठ्या कामाकडे वळली होती. न वळती, तरी तेथें फार काळ राहणें शक्य झालें नसतें. डोंबिवली-कल्याणच्या माळांवर कारखाने आले, चाळी आल्या, मग इमारती आल्या, आणि प्रत्येक घरानें आपापल्या लहरी हवेंत सोडावयास आरंभ केला. १९८० नंतर स्वरूप व त्यांचे सहकारी भारतांत सर्वत्र शांत जागा धुंडाळूं लागले, तेव्हां त्यांस हव्या होत्या अनेक गोष्टी : माणसांच्या लहरींचा गोंगाट कमी, दळणवळण चांगलें, मोठें शहर फार दूर नाहीं, आणि पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्तापासून जागा इतकी उत्तरेस कीं वरचें विद्युद्भारित वातावरण फार खळबळूं नये, पण इतकीहि उत्तरेस नाहीं कीं दक्षिणेचें आकाश हातचें जावें. नारायणगांवजवळचें खोडद या सर्व कसोट्यांस उतरलें. कल्याणहून मुरबाडवरून माळशेज घाट चढून ओतुराकडे उतरलें कीं हा प्रदेश लागतो. खोडदचा अक्षांश कल्याणच्या अक्षांशाहून जेमतेम दहा कला खालीं आहे. वर आकाश जवळजवळ तेंच. फरक काय तो मधल्या सह्याद्रीचा व त्याच्या आडोशास टिकून राहिलेल्या शांततेचा.

खोडदच्या महाकाय मीटरतरंग दुर्बिणींत ३० तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ तबकड्या सुमारें एक किलोमीटरच्या आवारांत दाटीनें, व १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फांट्यांवर दूरवर पसरलेल्या. टोकाच्या दोहोंमधील अंतर २५ किलोमीटरांपर्यंत जातें. एवढ्या तबकड्या पोलादी पत्र्याच्या केल्या असत्या तर खर्च व वाऱ्याचा मारा दोन्ही आवांक्याबाहेर गेले असते. म्हणून बारीक पोलादी तारेची जाळी ताणलेल्या दोरांवर बसवून त्या केल्या आहेत. मीटरभर लांबीच्या लहरीस ही जाळी आरशासारखीच भासते, आणि वारा मात्र भोकांतून निघून जातो. सर्व तबकड्यांच्या लहरी कांचतंतूंवाटे मध्यवर्ती इमारतींत येतात. तत्त्व तेंच, कल्याणचें. फक्त साध्या बेरजेच्या जागीं आतां प्रत्येक जोडीचा हिशेब गणकयंत्रें स्वतंत्र ठेवतात व त्यांतून चित्र तयार करतात.

ही दुर्बीण टाटा संस्थेच्या पुण्यांतील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडून चालविली जाते. राष्ट्रीय वेधशाळा या शब्दाचा खरा अर्थ येथें पाहावयास मिळतो. ती कोणा एका प्राध्यापकाची मालमत्ता नव्हे. कोणत्याहि देशांतील शास्त्रज्ञानें लेखी प्रस्ताव पाठवावा, समितीनें गुणांवर तो पारखावा आणि पसंत पडल्यास त्यास ठराविक तास द्यावे, असा तेथील परिपाठ आहे. या तासांत काय काय होतें याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. १९ ऑक्टोबर २०१६ रोजीं युरोपचें शियापरेली यान मंगळावर उतरत असतां त्याचा क्षीण संदेश खोडदच्या तबकड्यांनीं टिपला व उतरण्याच्या अखेरीस तो तुटल्याचेंहि टिपलें. यान आदळून फुटलें होतें. पल्सार नांवाचे तारे घड्याळासारखे नियमित ठोके देतात. त्या ठोक्यांतील सूक्ष्म पुढेंमागें होणें वर्षानुवर्षें मोजून, ज्यांच्या एका हेलकाव्यास वर्षें लागतात अशा गुरुत्वलहरींच्या अस्तित्वाचा पुरावा जून २०२३ मध्यें निरनिराळ्या खंडांतील गटांनीं पुढें मांडला. त्यांत भारतीय व जपानी शास्त्रज्ञांच्या गटाचे खोडद येथील वेध होते. २०१९ सालीं दुर्बिणीचीं ग्रहणयंत्रें बदलून ती अधिक विस्तृत लहरपट्ट्यांत पाहूं शकेल अशी केली गेली. गोविंद स्वरूप यांस तें पाहतां आलें. २०२० सालीं ते निवर्तले.

आणि तरीहि कल्याणचा प्रश्न खोडदला चुकलेला नाहीं. दूरच्या दीर्घिकेंतून येणारी लहर किती क्षीण असते याची कल्पना एका हिशेबानें येईल : खिशांतील साधा भ्रमणध्वनि चंद्रावर नेऊन चालूं केला, तर पृथ्वीवरील रेडिओ-दुर्बिणीस तो आकाशांतील मोजक्या सर्वांत तेजस्वी स्रोतांपैकीं एक भासेल. असा भ्रमणध्वनि आज प्रत्येकाच्या हातीं आहे आणि त्याचे मनोरे गांवोगांवीं आहेत. विजेच्या तारेवर उडणारी ठिणगीहि दुर्बिणीस पुरते. खोडदच्या परिसरांत मोठ्या कारखान्यांवर निर्बंध आहेत. परंतु तेथील शेतकऱ्यासहि वीज, मोटार व फोन हवाच, आणि तो नको असें म्हणण्याचा अधिकार कोणास नाहीं. नियोजित पुणें-नाशिक वेगवान रेल्वेचा मूळ आराखडा दुर्बिणीच्या प्रदेशाजवळून जात असल्यानें शास्त्रज्ञांनीं हरकत घेतली, आणि मार्ग बदलण्याचा विचार राज्य शासनास करावा लागला. मुंबईच्या ट्रामगाड्यांपुढें चुंबकमापनानें अलिबागेस माघार घेतली होती. येथें रूळांनीं वळसा घेण्याची भाषा झाली. ३० तबकड्या उचलून दुसरीकडे नेणें आतां शक्य नाहीं, आणि नेण्याजोगी दुसरी शांत जागा शोधणें १९८० पेक्षां आज अधिक कठीण आहे.

कल्याणच्या तबकड्या ज्या ६१० मेगाहर्ट्झवर ऐकत, ती लहर खोडदच्या दुर्बिणींतहि प्रथमपासून आहे. आंतरराष्ट्रीय लहरवांटपाच्या नियमांत एक लहानशी तळटीप भारताचें नांव घेऊन सांगते कीं, ६०८ ते ६१४ मेगाहर्ट्झ हा पट्टा या देशांत रेडिओ-खगोलशास्त्रासहि प्राथमिक हक्कानें दिलेला आहे. त्याला लागूनच असलेला ६०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०२२ सालीं भ्रमणध्वनि-कंपन्यांसाठीं लिलांवास निघाला होता. त्या वेळीं त्यावर कोणीहि बोली लाविली नाहीं.